चाचणीचा शब्द

मी परत आले तेव्हा दार बंद होतं. सासरे दारासमोर उभे होते आणि त्यांचा उजवा हात कुलपाच्या चकत्यांपासून वीतभर लांब, हवेतच थांबला होता.

मला एक जादा स्प्रिंग आणायला पाठवलं होतं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने त्या मापाची स्प्रिंग शोधताना अर्धं दुकान उपसलं आणि वर उपकार केल्यासारखं तोंड केलं. येताना गेटात खोक्यांनी गच्च भरलेली व्हॅन बाहेर निघत होती, तिने मला भिंतीला चिकटवून उभं केलं. ड्रायव्हरला मनातल्या मनात दोन शिव्या घालून मी आत आले, तर हे.

"तो कुठंय?" मी नवऱ्याबद्दल विचारलं.

"आत," सासरे म्हणाले. "कुलपाचे दांडे बघतोय."

"मग उघडा की."

"उघडतोय. गाडी सुटतेय का तुझी?"

आतून ठोके आले. ठक, ठक, ठक. आमच्या धंद्यात तीन ठोके म्हणजे बघून झालं, उघडा. दाराचं पोलाद एवढं जाड की आतला माणूस गळा फाडून ओरडला तरी बाहेर कुजबुज येत नाही. ठोके तेवढे येतात, तेही बाहेरच्यांनी श्वास रोखून ऐकले तर.

सासऱ्यांनी पहिली चकती एक घर पुढे सरकवली. मग मागे आणली. मग हात खाली घेतला आणि पँटला पुसला. त्या हाताला काहीही लागलेलं नव्हतं.

कारखाना अत्तराचा होता. मागच्या बाजूला एक लांबट खोली, तिच्या टोकाला हे दार आणि दारामागे न्हाणीघराएवढी तिजोरीखोली. तिच्यात अर्काच्या बाटल्या आणि स्पिरिटचे डबे. दारावर जुन्या घडणीचं कुलूप. एका ओळीत आठ पितळी चकत्या, प्रत्येकीवर इंग्रजीची सगळी अक्षरं कोरलेली. वर एक रेघ असते. त्या रेघेखाली आठ अक्षरं आणून शब्द जुळवायचा आणि मूठ फिरवायची. किल्ली नाही, आकडे नाहीत. शब्द ठाऊक तर दार उघडं, नाहीतर डोकं आपटा.

अशी कुलपं आता कोणी बनवत नाही आणि दुरुस्त करणारे हाताच्या बोटांवर उरलेत. त्यांच्यात माझे सासरे उस्ताद. हे मी खोटं बोलत नाही. चकतीला कान लावून आतला दात कुठे झिजलाय ते सांगायचे. आणि चाचणीचा शब्द शोधावा तर त्यांनीच.

दुरुस्ती झाली की मालकाचा शब्द लगेच लावत नाहीत. आधी चाचणीचा शब्द लावतात. जी अक्षरं अडत होती, ती सगळी ज्यात येतात असा लांब इंग्रजी शब्द हवा. चकत्या आठ तर अक्षरं आठ. एकही अक्षर दोनदा आलेलं चालत नाही, नाहीतर मूठ अडली की दोन्हींतलं कोणतं अक्षर अडलं यावर बापलेकांत जुंपते. करून बघा. जिथे माणसाला 'थँक्यू' लिहिताना अडखळायला होतं तिथे आठ वेगवेगळी अक्षरं, त्यात अमुक तीन पाहिजेतच. सासऱ्यांना इंग्रजी बोलता येत नाही, वाचलेलं समजत नाही, फक्त अक्षरं ओळखता येतात. पण शब्द त्यांनी चित्रासारखे गोळा केले होते. पाट्यांवरून, औषधाच्या डब्यांवरून, मशीनच्या प्लेटांवरून. "एक्स आणि जी असलेला दे" म्हटलं की डोळे मिटायचे आणि एक शब्द काढून द्यायचे. अर्थाशी देणंघेणं नाही.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीपर्यंतची. मग त्यांचा चष्मा कानशीच्या डब्यात सापडायला लागला. जुनं घर सोडून आम्हाला जमाना झाला होता आणि एका दुपारी ते त्या घराची बेल वाजवत उभे होते. मी नवऱ्याला म्हटलं, यांना कामावर न्यायचं तर ने, हत्यारं देऊ देत, पण शब्द लावायला देऊ नकोस. नवरा म्हणाला, "त्यांच्याकडून शब्द काढून घेतला तर उरलं काय त्यांच्याकडे?" ऐकायला किती बरं वाटतं. बापाची लाज राखणारा लेक. त्याची बहीण फोनवर म्हणाली, "वहिनी, बाहेर बोलू नका हं, धंदा बसेल." झालं. सगळ्यांनी मिळून तोंडात मूग भरले, आणि त्यातले मूठभर माझ्याही तोंडात कोंबले.

आता तो लेक दाराच्या आत होता आणि बाप बाहेर पँटला हात पुसत होता.

चाचणी खरं तर दार उघडं ठेवून करतात. पण हे दार बिजागरीवर खाली बसलेलं. उघडं असताना दांडे सुळसुळ सरकायचे, चौकटीत गेलं की अडायचे. म्हणून एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, एकाने बाहेरून शब्द लावून चकत्या विस्कटायच्या आणि पुन्हा जुळवायच्या. आतल्याने कुलपाची आतली पाटी स्क्रूने घट्ट बसवली होती आणि हत्यारांची पिशवी बाहेर दिली होती. पेचकस माझ्या पायाशी पडलेला. त्याच्याकडे फक्त टॉर्च.

ठक, ठक, ठक.

मी सासऱ्यांच्या जवळ गेले आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा, शब्द कोणता लावलाय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भर रस्त्यात त्यांचा सदरा ओढलाय. "शब्द विचारायचा नसतो. एवढी वर्षं काय शिकलीस?"

हा नियम खरा आहे. मालक शब्द लावतो तेव्हा आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहतो आणि नंतर कधीही, कुणालाही, कोणता लावला असं विचारत नाही. पण तो नियम मालकाच्या शब्दाचा. चाचणीच्या शब्दाला कोण विचारतो? तो तर आम्ही एकमेकांना ओरडून सांगायचो. म्हातारा नियमाच्या आड लपत होता आणि ते त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

तेवढ्यात कारखान्याची मालकीण आली. सगळे तिला बाई म्हणायचे. मागून पॅकिंगवाली. तिला कारखान्यात नाकवाली म्हणत, कारण अत्तरात इतकी वर्षं काढून तिला कशाचाच वास येत नव्हता.

"झालं का उस्ताद?" बाईंनी विचारलं.

"होतंय," सासरे म्हणाले.

"सकाळपासून होतंयच," नाकवाली म्हणाली. "आमच्या लेकीचं लग्नसुद्धा एवढ्यात जमलं असतं."

कोणी हसलं नाही. कारण आत काहीतरी पडलं. जड, आणि त्यामागून काच फुटल्याचा बारीक आवाज. मग काही नाही. मग ठोके, पण आता तीन नाहीत. सलग, वेडेवाकडे, मुठीने मारल्यासारखे.

वास आला तो चकत्यांच्या फटींतून. आधी गोड, मग तो गोडवा जाऊन नुसता जाळणारा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंचा चेहरा उतरला.

"स्पिरिटचा डबा उलटलाय," त्या म्हणाल्या. "आणि वरच्या फळीवरच्या बाटल्याही. आत झरोका नाही. वास एकमेकांत मिसळतात म्हणून वडिलांनी बुजवून घेतला होता." मग सासऱ्यांकडे वळल्या. "उघडा. आत्ताच्या आत्ता."

"एक मिनिट," सासरे म्हणाले. त्यांनी चकत्यांना हात लावला आणि डावीकडे बघितलं, बाजूच्या दाराच्या कोपऱ्याकडे. पुन्हा चकत्यांकडे बघितलं. "एक मिनिट फक्त."

बाईंनी अग्निशमनवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले येतो, पण दार कापायला गॅस किंवा करवत लागेल. बाई म्हणाल्या, ठिणगी उडाली तर आतला माणूस आणि बाहेरचा कारखाना, दोन्ही जातील. ते म्हणाले, मग हाताने चालवायचं यंत्र आणावं लागेल, ते दुसऱ्या केंद्रावर आहे. फोन ठेवताना बाईंनी डोळे मिटून घेतले.

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. भीती होतीच, पण भीतीच्या वर संताप होता. हा माणूस आत मरणार आणि का? तर सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. नणंदेला धंदा बसायला नको म्हणून.

"बाबा शब्द विसरलेत," मी म्हटलं. मोठ्याने. बाईंना ऐकू जाईल असं.

"तोंड सांभाळ," सासरे म्हणाले.

"ते विसरतात. बरेच दिवस झाले. आम्ही लपवलं."

"सुनेने सासऱ्याला चारचौघांत..."

"चारचौघांत नंतर भांडू. आधी सांगा, कोणती अक्षरं अडत होती? शब्द नको, अक्षरं सांगा."

ते माझ्याकडे बघत राहिले. बाई बघत होत्या, नाकवाली बघत होती. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला, जसा पूर्वी उजळायचा. "बी," ते म्हणाले. "बी, जी आणि एम."

"बर्गमॉट," बाई ताबडतोब म्हणाल्या. अत्तरवाल्या त्या, त्यांच्या जिभेवरच होतं. "संत्र्यासारख्या फळाचा अर्क. बी, ई, आर, जी, ए, एम, ओ, टी. आठ होतात. आणि आत पहिल्याच फळीवर ठेवलाय."

"हाच," सासरे म्हणाले. "हाच लावला होता."

मी चकत्यांवर तुटून पडले. दुरुस्त झालेलं कुलूप म्हटलं तरी चकत्या जडच. एकेका अक्षरासाठी अंगठ्याची कातडी सोलून निघत होती. टी रेघेखाली आणला आणि मूठ फिरवली. मूठ केसभर हलली आणि थांबली.

"पुन्हा कर," सासरे म्हणाले. "सावकाश."

पुन्हा केलं. मूठ तिथेच थांबली.

आतले ठोके आता एकेकटे येत होते. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

"थांबा," बाई म्हणाल्या. "बी आणि जी कुठून आलं? मी तक्रार केली ती वेगळीच. एच, पी आणि एम. या तीन अक्षरांवर चकत्या अडतात, असं मी तुमच्या नवऱ्याला फोनवर सांगितलं होतं."

"बाई," सासरे ताठ झाले, "चकत्या मी खोलल्या. तुम्ही नाही खोलल्या. उस्ताद कोण आहे इथे?"

आमच्या घरात या वाक्यानंतर कोणी बोलत नाही. माझ्या लग्नाआधीपासून नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना खात्री होती, शंभर टक्के. खोटं बोलणारा माणूस असा दिसत नाही. आणि तरी मला आठवलं की बी, जी, एम हे मी ऐकलंय. मागच्या महिन्यात, एका डॉक्टरच्या जुन्या कपाटाच्या कुलपाला. तेच तीन, त्याच क्रमाने.

"बाबा, ते डॉक्टरचं कुलूप," मी म्हटलं.

"कोणता डॉक्टर?"

मी बाईंकडे वळले. "तुमची अक्षरं घेऊ. एच, पी, एम. फोनवर शोधता येतील का असे शब्द?"

बाईंनी शोध घेतला. अक्षरं घातली की ती असलेले शब्द काढून देणाऱ्या साइट असतात म्हणे, लोक खेळायला वापरतात. आठ अक्षरांचे, तिन्ही अक्षरं असलेले. पडदा भरून शब्द आले. बाईंनी बोटाने वर सरकवलं तर खाली आणखी.

"एवढे?" नाकवाली म्हणाली. "देवा, इंग्रजांना दुसरे उद्योग नव्हते का?"

"वाचा," मी म्हटलं. "एक अक्षर दोनदा आलं की सोडून द्या."

बाई वाचत होत्या, मी बोटांवर मोजत होते. सिम्फनी. वाय दोनदा, गेला. पॅम्फ्लेट, पी दोनदा, गेला. कॅम्फर म्हणजे कापूर त्यात नव्हता, पण बाईंनीच मध्येच म्हटलं, कापराचा अर्क आतच आहे, तोच असेल. मी मोजलं. सातच अक्षरं. एक चकती रिकामी कशी राहील? बाईंनी कपाळावर हात मारला. चॅम्पियन. सी, एच, ए, एम, पी, आय, ओ, एन. सगळी वेगळी.

"हाच," सासरे म्हणाले.

मी लगेच लावला, त्यांच्या 'हाच'वर विश्वास ठेवून. चूक माझी. मूठ केसभर हलली आणि थांबली.

"मेटाफर," बाई वाचत होत्या. "मॉर्फिन. हंपबॅक, म्हणजे कुबड."

"हाच," सासरे म्हणाले. मेटाफरला म्हणाले, मॉर्फिनला म्हणाले, कुबडालाही म्हणाले. प्रत्येक वेळी त्याच खात्रीने, प्रत्येक वेळी बाईंच्या तोंडाकडे बघत, एखाद्या परीक्षेत बाजूच्याचं बघावं तसं.

मेटाफरनेही मूठ फिरली नव्हती, आणि मी मॉर्फिन लावायला घेतला होता. तिसऱ्या चकतीवर माझा हात थांबला. असे किती लावणार? एकेकाला दोन मिनिटं, आणि पडद्यावर खाली अजून शब्द होते. आत शेवटचा ठोका कधी आला होता ते मला आठवेना.

"वाजव," मी नाकवालीला म्हटलं. "दारावर वाजव. तो उत्तर देतो का बघ."

तिने खलबत्त्यासारखं काहीतरी उचललं आणि तीनदा वाजवलं. आम्ही श्वास रोखला. काही नाही. तिने पुन्हा वाजवलं. मग आतून, जमिनीच्या जवळून, नखाने खरवडल्यासारखा आवाज आला.

"खाली पडलाय," बाई म्हणाल्या.

मी सासऱ्यांना विचारणं बंद केलं. त्यांच्याकडे बघायला लागले. ते चकत्यांसमोर उभे होते, आणि पुन्हा तेच करत होते, जे मी आल्यापासून बघत होते आणि बघूनही बघितलं नव्हतं. चकत्यांकडे बघायचं, मग मान डावीकडे, बाजूच्या दाराच्या कोपऱ्याकडे. तिथे थांबायचं. मग रिकाम्या चेहऱ्याने परत. पुन्हा डावीकडे.

डॉक्टरकडे काय झालं होतं? तिथे समोर कॅलेंडर होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत महिना की कंपनी, काहीतरी. चकत्या जुळवताना म्हातारा दर अक्षराला मान वर करत होता. मला वाटलं मान आखडलीय.

हा माणूस आता शब्द डोक्यात ठेवत नव्हता. डोक्यात राहत नाही हे त्याला आमच्याआधी कळलं होतं. म्हणून तो समोर लिहिलेला शब्द निवडायचा, दिसत राहील असा, म्हणजे लक्षात ठेवावा लागणार नाही आणि कोणाला कळणारही नाही. चलाख म्हातारा. आम्ही सगळे त्याच्यापासून लपवत होतो आणि तो आमच्यापासून.

"त्या कोपऱ्यात काय होतं?" मी विचारलं.

"कुठे?" नाकवाली म्हणाली.

"तिथे. दाराशी. मी गेले तेव्हा काहीतरी रचलेलं होतं."

"खोकी. आजचा माल. व्हॅन आली, नेला उचलून."

गेटात मला भिंतीला चिकटवणारी व्हॅन. तिच्यात हा शब्द बसून गेला होता, माझ्या नाकासमोरून.

"खोक्यांवर काय लिहिलेलं असतं?"

"बरंच असतं. फुटेल म्हणून काचेच्या पेल्याचं चित्र. बाण, वरची बाजू वर ठेवा म्हणून. अत्तराचं नाव. लेबल बाई लावतात."

"मोठं. लांबून दिसेल असं. काय?"

"मोठं म्हणजे मी छापते ते. पत्र्याचा साचा आहे, त्यातून शाईचा ब्रश मारते. मला काय वाचता येतंय, साचा ठेवायचा आणि..." ती साचा आणायला वळलीच होती, तेवढ्यात बाईंचा आवाज आला.

"शिपमेंट." बाईंचं बोट यादीवर खाली खाली जात होतं. "खाली आहे. इथे आहे, बघा. एस, एच, आय, पी, एम, ई, एन, टी."

मी बोटांवर मोजलं नाही. मोजायला बोटं मोकळी नव्हती. एस. एच. एच आल्याबरोबर मला आतल्या दाताची हलकी टिचकी लागली, नव्याने घासलेला दात लागतो तशी. आय. पी, पुन्हा टिचकी. एम. ई. एन. टीची चकती अडली. मी दोन्ही अंगठे लावले आणि ती रेघेखाली आली. मूठ फिरवली.

मूठ पूर्ण फिरली.

दार ओढायला आम्ही तिघी लागलो. वासाचा लोट अंगावर आला तसे बाईंनी तोंडाला पदर लावला आणि मी श्वास बंद करून आत घुसले. तो फळीला टेकून, एका कुशीवर, कुलपाच्या पाटीखाली पडला होता. पाटीच्या स्क्रूंवर रक्ताचे डाग होते. नखांनी स्क्रू काढायला बघत होता. नाकवालीने त्याचे पाय धरले, तिला कसलाच वास येत नव्हता म्हणून तीच सगळ्यात शेवटपर्यंत आत थांबू शकली. आम्ही त्याला अंगणात आणून कुशीवर टाकला.

तो खोकला. मग ओकला. मग पुन्हा खोकला. मी त्याच्या पाठीवर जोरात थापा मारत होते, त्यातल्या दोन-तीन रागाच्या होत्या.

डोळे उघडल्यावर तो पहिल्यांदा काय म्हणाला सांगू? मला वाटलं पाणी मागेल.

"बाबांना कोणी काही बोललं का?" तो म्हणाला.

"मी बोलले," मी म्हटलं. "बाईंसमोर बोलले. ते विसरतात आणि आपण लपवतो, सगळं."

त्याने डोळे मिटले. "तुला थोडं थांबता आलं नाही?"

"थांबले असते तर तुझ्या बापाने आणखी पंचवीस शब्दांना 'हाच' म्हटलं असतं. आणि मी पंचविसावा लावत असताना तू आतच संपला असतास."

"तरी पण..."

"तरी पण काय ते तुझ्या बहिणीला सांग."

अग्निशमनवाले आले, नाकं मुरडली, बाईंना झरोक्यावरून झापलं, त्यांच्याबरोबरच्या माणसाने नवऱ्याचे डोळे आणि छाती तपासली आणि दवाखान्यात चला म्हणाला. नवरा म्हणाला, काम अर्धं टाकून येत नाही. बाप आणि लेक, हट्टात एक नमुना. बाई मात्र म्हणाल्या की आत लाखमोलाचे अर्क आहेत, दार शिपमेंटवर ठेवून त्या झोपणार नाहीत. त्यांचा शब्द लावून द्या आणि मग जा. त्यांचं बरोबर होतं. तो शब्द आता आख्ख्या कारखान्याला पाठ होता.

दार आणि बाजूच्या खिडक्या सगळ्या उघडल्या, वास बसू दिला. मग मी शब्द बदलायची खीळ मोकळी केली आणि बाजूला झाले. नवरा खिडकीशी खुर्चीवर, खांद्यावर कसलं तरी पोतं घेऊन. नियमाप्रमाणे आम्ही भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याने खुर्चीसकट केलं. सासरे आधीच भिंतीपाशी होते. नियम त्यांच्या अंगात होता, कोणी सांगावं लागलं नाही. हात मागे, मान खाली, जसे गेली चाळीसएक वर्षं उभे राहत आले.

बाईंनी चकत्या फिरवल्या. आठ वेळा पितळेचा तो कुरकुर आवाज आला. मूठ फिरली, खीळ बसली. "झालं," त्या म्हणाल्या.

मी वळले. नवरा वळला. सासरे भिंतीकडेच तोंड करून उभे राहिले.

"बाबा," मी म्हटलं, "झालं."

"झालं?" ते म्हणाले, भिंतीलाच. "चांगलं झालं. आणि बाईंनी शब्द कोणता लावला?"

नाकवालीने माझ्याकडे बघितलं. बाईंनी नजर चकत्यांकडे वळवली. नवरा खुर्चीवरून अर्धा उठला होता, तो तसाच राहिला, पोतं खांद्यावरून घसरून खाली पडलं. जे मी इतके दिवस सांगत होते आणि जे तो इतके दिवस ऐकत नव्हता ते आता त्याच्या बापाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

मी गेले आणि सासऱ्यांच्या कोपराला धरलं.

"शब्द विचारायचा नसतो, बाबा," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी विचार केला. "हां," ते म्हणाले. "खरं आहे. नसतो विचारायचा." मग मी त्यांना हळूच वळवलं, आणि ते माझ्या हाताने वळले.